पालथं सूप

लोह्याच्या स्टँडवर शिवकांता बसमध्ये चढली, तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि मला ओळखलं नाही. म्हणजे ओळख दिली नाही. या दोहोंत केवढा फरक आहे ते अकरा वर्षं मीच नव्या पोरींना शिकवत आले. रस्त्यावर, बाजारात, लग्नात, कुठेही आपल्या यादीतलं माणूस दिसलं तर आपण अनोळखी व्हायचं. आधी त्यांनी बोलायचं, मग आपण. ते नाही बोलले तर आपली नजर त्यांच्यावरून भिंतीवरून सरकावी तशी सरकली पाहिजे. मी त्यात पटाईत होते. एकदा नात्यातल्या लग्नात एकजण माझ्या पानात जिलेबी वाढायला आला, त्याच्या गोळ्यांची बाटली त्याच सकाळी मी त्याच्या हातात ठेवली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांशी 'घ्या' आणि 'पुरे' एवढंच बोललो. तेव्हा शिवकांतानं केलं ते नियमाला धरूनच होतं. पण तिची नजर सरकली नाही. कंडक्टर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणेपर्यंत ती माझ्या चेहऱ्यावर तशीच थांबून राहिली. मग ती माझ्या पुढच्या सीटवर खिडकीशी बसली आणि तिची मान माझ्यासमोर आली. ती मान मी ओळखली नसती. पदर सरकला होता आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा वर आल्या होत्या, मध्ये खोबण पडली होती. डिसेंबरची सकाळ होती, खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता, आणि ती खोकत होती. हा खोकला कसला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिच्यामागून एक भरदार बाई पिशव्या सांभाळत आली आणि माझ्या शेजारी टेकली. तिचं तोंड मी जन्मात बघितलं नव्हतं, पण 'जरा सरका की ओ' म्हणाली आणि मी तिला आवाजावरून ओळखलं. सरजाबाई, शिवकांताची मोठी जाऊ. हा आवाज मी एकदाच ऐकला होता, चार वर्षांपूर्वी, कंधार तालुक्यातल्या त्यांच्या घरात ज्वारीच्या कणगीमागे अंग चोरून उभी असताना. सरजाबाई विसरलेला विळा न्यायला शेतातून परत आली होती आणि शिवकांतानं मला ढकलून कणगीमागे लपवलं होतं. सरजाबाई घरभर बडबडत फिरली, विळा घेऊन गेली, आणि मग आम्ही दोघी तोंडावर पदर धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शिवकांता तशी हसलेली मी त्या एकदाच बघितली. एरवी ती मोजकं बोलायची, चहा टाकायची, माझं आडनाव तिला माहीत होतं तरी घरातल्याच कपात द्यायची, आणि बाटली घेऊन फडताळात खाली, मेथीच्या डब्यामागे सारायची.

तिचा नवरा ट्रकवर होता. तो गेला तेव्हा घरच्यांनी कावीळ म्हटलं. कावीळ नव्हती ते तिला कळलं माझ्याकडून, आणि तिच्या रक्तातही एचआयव्ही आहे हेही माझ्याकडूनच. ती रडली नाही. तिनं विचारलं, 'कुणाकुणाला सांगनार तुमी?' मी म्हटलं, कुणालाच नाही. कळलं असतं तर त्या घरात तिला ताट मिळालं नसतं, आणि नवऱ्याच्या वाटणीचं शेत होतं त्याचंही नाव निघालं नसतं. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, पण केंद्र नांदेडला, आणि विधवा बाई दर महिन्याला एकटी नांदेडला कशाला जाते, या प्रश्नाला त्या घरात उत्तर नव्हतं. म्हणून तिच्या गोळ्या मी उचलायची, लेबल काढलेल्या बाटलीत भरायची आणि गुरुवारी त्यांच्याकडच्या बाजाराच्या दिवशी घर रिकामं असताना पोचवायची. घरच्यांना तिनं सांगितलं होतं, साखरेच्या आजाराच्या गोळ्या आहेत, बचत गटाची एक बाई आणून देते. घरात कुणी आहे की नाही हे मला लांबून कळावं म्हणून तिनंच खूण काढली होती. दाराशेजारच्या खुंटीवर सूप असायचं. सूप सरळ असेल तर मी तशीच पुढे निघून जायची, पालथं असेल तर आत. सहा वर्षांत एकदाही चूक झाली नाही. मी कागदावर कुणाचंच नाव लिहीत नव्हते. माझ्या डोक्यात माणसं दारांच्या खुणांनी होती. निळी टाकी, मोडकी जाळी, दोन पायऱ्या, पालथं सूप. आता ते सगळं बंद झालंय, पण दारं जात नाहीत. लातूरच्या हॉस्टेलवर पोरींची हजेरी घेताना, डबेवाल्याशी हुज्जत घालताना मध्येच एखादं दार समोर येऊन उभं राहतं आणि मी हजेरी पुन्हा पहिल्यापासून घेते. पोरींना वाटतं, मॅडमना विसरायला होतंय.

बंद कसं झालं ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मी स्वतःला सोडणार नाही. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचा पैसा कुठून येतो हे आम्हाला ढोबळ माहीत होतं. दिल्लीहून येतो, दिल्लीला अमेरिकेहून येतो. वर्षातून एकदा दोन गोरे लोक यायचे, आम्ही त्यांना शाल आणि नारळ द्यायचो, ते नारळाचं काय करायचं न कळून तो पोटाशी धरून फोटोला उभे राहायचे. जानेवारीच्या शेवटी एका बुधवारी दुपारी उमाशंकर सरांनी आम्हा सातजणींना बोलावलं आणि फोनवर आलेला मेल वाचून दाखवला. ते संस्थेचे प्रमुख, वाचताना त्यांचा आवाज शाळेत धडा वाचावा तसा झाला होता. तिकडे सरकार बदललं होतं आणि बाहेरच्या देशांना जाणारा पैसा थांबवला होता. आमचा पैसा आधी आमच्या माणसांना, असं काहीतरी. मला तेव्हाही त्यात मोठं चूक काही दिसलं नाही. थोरल्या भावानं पैसे मागितले तेव्हा मीही त्याला हेच सुनावलं होतं. पण मी निदान तोंडावर सुनावलं होतं. मेलात लिहिलं होतं, या क्षणापासून काम थांबवा. भेट नाही, फोन नाही, सिमकार्डं आणि पिशव्या आहेत तशा जमा करा. सर म्हणाले, पुन्हा चालू होईल, नव्वद दिवसांचा प्रश्न आहे.

माझ्या पिशवीत शिवकांताची बाटली होती. तीन महिन्यांच्या गोळ्या सकाळीच केंद्रातून उचलल्या होत्या, दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. एवढंच करायचं होतं, बाटली पर्समध्ये टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कंधारची बस धरायची. कुणी बघत नव्हतं. कुणी बघितलं असतं तरी काही बोललं नसतं. मी बाटलीसकट पिशवी टेबलावर ठेवली. का ठेवली, हे मी स्वतःला पुष्कळ प्रकारे सांगून बघितलंय. नियम होता, भीती होती, गोंधळ होता. खरं एवढंच की मला राग आला होता. अकरा वर्षं उन्हातान्हात गावं पालथी घातली आणि एका दिवसाची नोटीस नाही. मनात आलं, थांबवा ना, थांबवा म्हणता तर थांबवते, मग कळेल कुणाचं काय अडतं ते. कुणाला कळणार होतं? मेल लिहिणाऱ्याला? त्याच्यावर काढायचा राग मी शिवकांतावर काढला. माझ्या डोळ्यांसमोर सरांनी ती पिशवी इतर पिशव्यांबरोबर खोक्यात घातली, वर चिकटपट्टी ओढली, आणि चिकटपट्टीचा तो चर्र आवाज मी ऐकत उभी राहिले.

पुढच्या गुरुवारी जाऊ असं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. मग लातूरला हॉस्टेलच्या रेक्टरची जागा मिळाली, डॉक्टर व्हायला आलेल्या साठ पोरींवर लक्ष ठेवायचं काम. जितके दिवस गेले तितकं जायला तोंड राहिलं नाही. उशिरा जाण्यापेक्षा न जाणं सोपं होत गेलं, आणि एकदा सोपं झाल्यावर मी स्वतःला सांगितलं की तिनं काहीतरी सोय केलीच असेल. आज सकाळी मी नांदेडला होते ते अनुभवाच्या प्रमाणपत्रासाठी. उमाशंकर सर आता विम्याचं काम बघतात. त्यांनी सही करून कागद दिला, चहा मागवला. मी विचारलं, सर, तो खोका कुठे गेला हो? 'कुठला खोका?' ते म्हणाले. खरोखरच आठवत नव्हतं त्यांना. मी चहा पिऊन बस धरली.

बस माळाकोळीच्या पुढे आली तसे पलीकडच्या सीटवरचे दोन पुरुष पेपर उघडून बोलायला लागले. एकजण म्हणाला, पन्नास टक्के टॅरिफ लावलाय अमेरिकेनं, आता समझोता करायचा तर त्यांचं सोयाबीन आपल्याकडं घ्या म्हणून राहिलेत. दुसरा म्हणाला, तिकडचं तिकडं, आपल्याला काय त्याचं. तेवढ्यानं सरजाबाईला जोर चढला. आपल्याला काय म्हणजे, आमच्या घरात येऊन बघा, असं ती त्या पुरुषांना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगू लागली. तिच्या मालकानं म्हणजे अमृतरावानं दिवाळीला सोयाबीन विकलं नव्हतं. समझोता झाला तर भाव पडेल म्हणून आधी घाई केली, मग समझोता मोडला तर वाढेल म्हणून थांबला, रोज मोबाइलवर अमेरिकेच्या बातम्या बघतो, जेवताना सुद्धा. पोती ठेवायला जागा नाही म्हणून आतली खोली भरून टाकली. ती खोली कुणाची, हे मला माहीत होतं. त्या खोलीत एक पलंग होता, फडताळ होतं, फडताळात मेथीचा डबा होता.

'मग जाऊबाईंनी कुठं झोपायचं?' मी विचारलं आणि जीभ चावली. सरजाबाईला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही, पुढे बसलेल्या बाईकडे हनुवटी करून तिनं सांगितलं, ही काय माझी जाऊ, ओसरीत झोपती. थंडी लई हाय यंदा, त्यानं खोकला धरला. गावातल्या डॉक्टरनं तीनदा औषध दिलं, फरक नाही, म्हणून उदगीरला कुणी छातीचा डॉक्टर आहे तिकडे चाललोय, शिरूर ताजबंदला गाडी बदलून. हे सगळं ती शिवकांताच्या डोक्यावरून बोलत होती, कणगीमागे उभी राहून ऐकावं तसं मी ऐकत होते आणि शिवकांताही ऐकत होती. तिच्या कानामागची नस हलत होती. मला स्वतःहून गोळ्यांबद्दल विचारायचं नव्हतं, पण सरजाबाईनंच काढलं. साखर हाय हिला. एक बाई गोळ्या आणून द्यायची, बचत गटाची. आम्ही कधी बघितली नाही. यायची बंद झाली, मग गोळ्याही बंद.

'दुसरीकडून आणल्या नाहीत?'

'म्हणलं की, लोह्याच्या दुकानातून आनू. ही म्हणती न्हाई, त्या येगळ्या असत्यात. त्या बाई आनतील. येड्यावानी करती ओ.' सरजाबाईनं आवाज उतरवला, पण तिचा उतरवलेला आवाजही अर्ध्या बसला पुरेल एवढा होता. 'दर गुरुवारी सकाळी उठती आन दारापशी सूप पालथं लावून ठिवती. मालक चिडले, म्हणले, भरल्या घराला सूप पालथं लावत न्हाईत, अवदसा येती. मी सरळ करती, ही पुन्यांदा पालथं करती. वर्स होत आलं. एक गुरुवार सोडला न्हाई.'

मी खिडकीबाहेर बघितलं. तुरीचं रान कापून झालं होतं, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेनं रांगेनं उभ्या होत्या, हॉटेलच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहिलं होतं. हे सगळं जागच्या जागी होतं आणि मला ते दिसत होतं, एवढंच मी स्वतःशी म्हणत राहिले. अकरा महिन्यांचे गुरुवार किती होतात, हे मी मोजायला गेले नाही. त्या गुरुवारी मी काय करत होते? गुरुवारी हॉस्टेलवर मटकीची उसळ असते. मी मीठ बघत होते, पोरींना 'ताटात टाकू नका' म्हणून ओरडत होते, आणि तिकडे ते सूप खुंटीवर पालथं टांगलेलं होतं, ओसरीत, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असं. आजवर मला वाटायचं की दारं मला छळतात. एका दारानं मला इतके दिवस हाक मारली असेल, हे मनातच आलं नव्हतं. तिनं गोळी चुकवली नव्हती, तिनं कंटाळा केला नव्हता, ती विसरली नव्हती. नव्या पोरींना आम्ही शिकवायचो, महिन्याच्या अहवालात 'औषध सोडलेले' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात तिला घालता येत नव्हतं. सोडणारी मी होते.

माझ्या तोंडून निघून गेलं. 'ती बचत गटाची बाई म्हणजे मीच.'

सरजाबाई आ वासून माझ्याकडे बघत राहिली. त्याच क्षणी मला कळलं की मी काय केलं. पुढचा प्रश्न काय येणार हे सरळ होतं. मग त्या गोळ्या कसल्या, कुठल्या दवाखान्यातल्या, वेगळ्या म्हणजे कशा वेगळ्या. अकरा वर्षांत मी कुणाचं नाव उघड केलं नव्हतं आणि आता भर एसटीत, माझं स्वतःचं मन हलकं करायला, मी शिवकांताच्या घराचं दार उघडून दिलं होतं. शिवकांता मागे वळली. लोह्यापासून पहिल्यांदाच. तिचे डोळे खोल गेले होते आणि त्यांत मला वाटला होता तसला राग नव्हता, काहीच नव्हतं. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं, भाजी बघावी तसं.

'न्हाई वो आक्का,' ती जावेला म्हणाली. 'ह्या न्हाईत त्या. त्या असत्या तर आल्या असत्या.'

आणि पुन्हा पुढे तोंड करून बसली. मी सरजाबाईला कसंबसं सांगितलं की मीही बचत गटाचंच काम करायची, त्या बाजूला गावं होती, त्यामुळे वाटलं. सरजाबाई म्हणाली, असं होय, होतं कदी कदी, आणि मला माझं गाव आणि आडनाव विचारलं. मी गाव सांगितलं. नंतर ती पिशवीतले शेंगदाणे काढून खाऊ लागली, मलाही दिले, मी घेतले. शिवकांतानं मला वाचवलं होतं की टाकून दिलं होतं, हे मला कळत नव्हतं. नियमाप्रमाणे तिनं बरोबर केलं होतं. इतकं बरोबर मलाही कधी जमलं नव्हतं.

अहमदपूर गेलं. शिरूर ताजबंदच्या मोडावर त्या दोघी उतरल्या. सरजाबाईनं पिशव्या आधी खाली फेकल्या, शिवकांता दांडीला धरून एकेक पायरी उतरली, खाली पोचल्यावर थांबून श्वास घेतला. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. माझं तिकीट लातूरचं होतं. दुपारी दोनला पोरींचे पालक यायचे होते, डबेवाल्याचा हिशेब राहिला होता. मी उठून 'थांबवा, थांबवा' म्हणाले आणि उतरले. कंडक्टर काहीतरी पुटपुटला, आणि बस पुढे गेली.

मोडावर ऊन होतं. सरजाबाई उदगीरची गाडी कधी आहे ते विचारायला रस्ता ओलांडून टपरीकडे गेली होती. शिवकांता पिशव्यांजवळ दगडावर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. मला दोन मिनिटं होती, फार तर तीन. उदगीरच्या डॉक्टरला खरं सांगितलं नाही तर तो चौथ्यांदा खोकल्याचं औषध देईल. खरं सांगायचं तर ते तिनंच सांगायला हवं, किंवा मला सांगू द्यायला हवं, सरजाबाईला बाहेर बसवून. उद्या नांदेडला जायचं, तपासण्या पुन्हा पहिल्यापासून, गोळ्या पुन्हा सुरू. हे सगळं मी मनात नीट रांगेला लावलं होतं. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. नियम होता, आधी त्यांनी बोलायचं. मी आधी बोलले.

'शिवकांता, मला राग आला होता गं. म्हणून आले नाही.'

तिनं वर बघितलं. उन्हामुळे डोळे बारीक केले. कुणावर राग, कशाचा, तिनं विचारलं नाही. रस्त्यापलीकडे सरजाबाई टपरीवाल्याशी बोलत होती, पाठ आमच्याकडे. शिवकांतानं ते बघून घेतलं, मग पदराच्या आडून हात पुढे केला, तळवा वर, पूर्वी फडताळाजवळ उभी राहून करायची तसा.

'गोळ्या आनल्या का?' ती म्हणाली.

त्या तळव्यावर रेषांखेरीज काही उरलं नव्हतं, बोटांची हाडं मोजता आली असती. माझ्या खांद्याला पर्स होती. पर्समध्ये काय आहे ते मला पुरतं माहीत होतं. हॉस्टेलच्या किल्ल्या, रुमाल, आणि सहीशिक्क्याचा तो कागद, की मी अकरा वर्षं निष्ठेनं आणि चोख काम केलं. तिचा हात तसाच होता. मी पर्सची चेन उघडली आणि आत हात घालून शोधू लागले.